घरातलं चव्हाट्यावर

अमेरिकन नटी लिंडसे लोहानचा पॉप-रॉक गाण्यांचा पहिला अल्बम २००४चा, बराचसा उडत्या चालींचा. २००५ साली, १९व्या वर्षी, तिने दुसरा काढला तो काळोखा. त्यात बापाला उद्देशून एक गाणं आहे. त्याचा व्हिडिओ तिनेच दिग्दर्शित केला : दुकानाच्या काचेआड आईबापांचं भांडण, बाहेर बघ्यांची गर्दी. घरातलं चव्हाट्यावर आणलं, असं आमच्या वाईत म्हणतील. अहो, शेजारच्या भिंतीला सगळं ऐकू येतच असतं! मी समुपदेशनाला बसते तेव्हा आई बोलते, लेक दाराशी गप्प. २००५च्याच कौटुंबिक हिंसाचार कायद्यानुसार लेकही बापाविरुद्ध दाद मागू शकते. अर्ज मात्र आईचाच येतो. लेक ‘अपत्ये’ या रकान्यात, वयासह.