नेत्रभिंगाचा जमाखर्च

मनुष्याच्या नेत्रातील भिंग हे निसर्गाच्या काटकसरीचे विलक्षण उदाहरण होय. कारण ज्यातून प्रकाश अबाधित जावयाचा, त्यात रक्तवाहिनीचा लवलेशही चालत नाही, आणि म्हणून भोवतालच्या नेत्रजलातून मिळेल तेवढ्या रसदीवरच त्यास आयुष्यभर निर्वाह करावा लागतो. त्याच्या गाभ्यातील प्रथिने जन्मापूर्वीच घडलेली असतात व ती पुन्हा कधीही बदलली जात नाहीत; सूर्यप्रकाश आणि प्राणवायू यांपासून उद्भवणाऱ्या विघातक कणांपासून त्यांचे रक्षण करण्याचा बंदोबस्त मुख्यत्वे ग्लुटाथायोन हे द्रव्य आणि नेत्रजलात रक्ताहून कित्येक पटींनी साठविलेले 'क' जीवनसत्त्व यांच्याकडे असतो. बाह्य स्तरातील पेशी ग्लुटाथायोन निर्माण करतात, खर्ची पडलेले पुन्हा कार्यक्षम करतात व गाभ्याकडे पोचवितात. परंतु वय वाढते तशी ही वाट अवघड होते, गाभ्याचा खजिना रिता होऊ लागतो, प्रथिने एकमेकांस चिकटतात आणि मोतीबिंदू होतो.

हा हिशेब पाहता, औषधी थेंबांच्या जाहिरातींवर भिस्त ठेवण्यापेक्षा उधळपट्टी थांबविणेच श्रेयस्कर, असे माझे स्पष्ट मत आहे. धूम्रपान सोडावे, मधुमेह आटोक्यात ठेवावा, उन्हात राबणाऱ्या शेतकऱ्याच्या डोळ्यांवर सावली असावी. आणि तरीही दृष्टी मंदावलीच, तर शस्त्रक्रियेस विलंब करू नये. भारत सरकारने १९७६ साली अंधत्व नियंत्रणाचा राष्ट्रीय कार्यक्रम आरंभिला. त्याचा लाभ गावोगावच्या वृद्धांपर्यंत पोचविणे हे आपणा सर्वांचे कर्तव्य आहे.