मोड द्या, पण हिशेब मागा

२०२५ या एका वर्षात चांदीचा भाव दुपटीहून जास्त वाढला. त्यामुळे घरोघरी कपाटातले जुने डबे उघडले गेले. आजीचे तोडे, आईची जोडवी, बाळाचं बोंडलं, चेपलेलं ताम्हण, आपलंच तुटलेलं ९२५ चं ब्रेसलेट आणि जोडीदार हरवलेलं एक कानातलं, असं काय काय त्यातून निघालं. सेमिस्टरची फी आहे, होस्टेलचं डिपॉझिट आहे, लॅपटॉप घ्यायचाय. मग कुणीतरी म्हणतं, ‘पडूनच आहे ना, मोड देऊन टाकू.’ आणि सराफाकडे जायचं काम बऱ्याचदा घरातल्या कॉलेजवाल्यावर येतं, कारण ‘तुला मोबाइलवर भाव बघता येतो.’

भाव बघता येतो, हे खरं. पण मोबाइलवर दिसतो तो शुद्ध चांदीचा भाव. आपल्या हातात असते ती मिसळलेली चांदी. तिच्यात शुद्ध चांदी शेकडा किती, यालाच सराफाच्या भाषेत ‘टंच’ म्हणतात, आणि सगळा खेळ तिथेच होतो.

आधी साधं गणित बघू. समजा शुद्ध चांदीचा भाव ग्रॅमला २०० रुपये आहे आणि आपल्याकडे २५० ग्रॅमचा ऐवज आहे. टंच ७० निघाला, तर त्यात शुद्ध चांदी १७५ ग्रॅम, म्हणजे ३५,००० रुपये. तोच ऐवज स्टर्लिंग, म्हणजे ९२५ चा असेल, तर शुद्ध चांदी २३१.२५ ग्रॅम आणि किंमत ४६,२५० रुपये. आता दुकानदार काहीही न तपासता म्हणाला, ‘जुन्या चांदीला सरसकट ४० टक्के घट,’ तर दोन्ही वेळा हातात पडणार ३०,०००. पहिल्या गिऱ्हाइकाचे ५,००० गेले, दुसऱ्याचे १६,२५०. कुणी खिसा कापला नाही, कुणी खोटं वजन केलं नाही. फक्त एक आकडा तोंडी सांगितला गेला आणि आपण मान डोलावली.

सगळे सराफ लुबाडतात, असं म्हणायचं नाहीये. घट हा प्रकार खरा आहे. जुन्या पैंजणांत डाग असतो, घुंगरांत मळ अडकलेला असतो, काही दागिन्यांत लाख भरलेली असते, खडे असतात. चांदी वितळवली की वजन थोडं कमी होतंच. शिवाय दुकानदार विकायच्या भावाने विकत घेणार नाही, त्यालाही पोट आहे. घडणावळ तर मोडीत कधीच परत मिळत नाही. आक्षेप कपातीला नाही. ती किती आणि कशाची, हे न सांगण्याला आहे.

त्यामुळे जाण्याआधी थोडी तयारी करा. घरीच वजन करून ठेवा. खडे, दोरे, लाख वेगळं मोजलं जाईल हे लक्षात असू द्या. आजी ‘तोळा’ किंवा ‘भार’ म्हणत असेल, तर जुना तोळा साधारण ११.६६ ग्रॅमचा आणि हल्लीचा बोलण्यातला १० ग्रॅमचा, हे विसरू नका. व्यवहार ग्रॅममध्येच करा. ‘९२५’ हा नुसता शिक्का म्हणजे हॉलमार्क नव्हे, तो कुणीही मारू शकतो. आणि ‘जर्मन सिल्व्हर’मध्ये नावापुरतीही चांदी नसते. तांबं, निकेल आणि जस्त यांचा तो मिश्रधातू. फेस्टसाठी घेतलेले ऑक्सिडाइज्ड झुमके घेऊन सराफाकडे जाऊ नका, हसं होईल.

डब्यात जुने रुपये असतील, तर ते बाजूला काढा. राणीछाप रुपया ११.६६ ग्रॅमचा, आणि त्यात जवळपास ९२ टक्के चांदी असते. १९४० नंतरच्या रुपयात मात्र चांदी निम्म्यावर आणली होती. म्हणजे दोन्ही एकाच भावात देणं चूकच. शिवाय एखाद्या सालाच्या नाण्याला संग्राहक चांदीपेक्षा जास्त पैसे देतो. वितळवलेलं नाणं परत येत नाही, तेव्हा आधी नाण्यांच्या जाणकाराला दाखवा.

दुकानात गेल्यावर मशीनवर टंच काढायला सांगा. एक्सआरएफ मशीन काही मिनिटांत आकडा देतं, पण ते फक्त वरचा पातळ थर वाचतं. वरून मुलामा असेल तर मशीनही फसतं. म्हणून मोठा ऐवज असेल तर डोळ्यांसमोर वितळवून मग टंच काढणं जास्त भरवशाचं. मात्र एकदा वितळवलं की वस्तू संपली, म्हणून भाव आणि कपात आधी ठरवा. चांदी तपासणारं मान्यताप्राप्त हॉलमार्किंग केंद्र जवळ असेल, तर थोडं शुल्क भरून आधी तिथे तपासून घ्या. दोन-तीन दुकानांत विचारा. ‘एवढ्याशा चांदीसाठी कशाला फिरायचं’ म्हणू नका. मोबाइलचं कव्हर घेतानाही आपण चार साइट बघतो. पैसे खात्यात घ्या. दोन लाख किंवा त्याहून जास्त रोख घेणं तर कायद्यानेच मना आहे.

हे झालं आपण काय करायचं ते. पण सगळा भार विकणाऱ्याच्या हुशारीवर टाकणं बरोबर नाही. सोन्याच्या दागिन्यांना २०२१ पासून हॉलमार्क सक्तीचा होत गेला. चांदीला तो अजून ऐच्छिक आहे. १ सप्टेंबर २०२५ पासून चांदीसाठीही सहा अक्षरी-आकडी एचयूआयडी क्रमांक आला, पण तोही ऐच्छिकच. नवीन चांदी घेताना तो क्रमांक मागा आणि बीआयएस केअर अ‍ॅपवर तपासा, म्हणजे उद्या मोडताना वाद होणार नाही. पण आजीच्या तोड्यांवर कुठून येणार क्रमांक? जी चांदी आज सगळ्यात जास्त विकली जातेय, तिलाच सगळ्यात कमी संरक्षण आहे.

यावर उपाय फार अवघड नाही. रिझर्व्ह बँकेने २०२५ मध्ये सोन्या-चांदीच्या तारण कर्जाचे नियम काढले. त्यात तपासणी कर्जदारासमोर करायची आणि शुद्धता, एकूण वजन, निव्वळ वजन, कपात हे सगळं लेखी द्यायचं असं सांगितलंय. दागिना गहाण ठेवणाऱ्याला जो कागद मिळतो, तो कायमचा विकणाऱ्याला का मिळू नये? एकूण वजन, निव्वळ वजन, टंच, त्या दिवसाचा भाव, कपात आणि रक्कम, एवढ्या सहा ओळींची मोडीची पावती प्रत्येक दुकानात सक्तीची करा. हुपरी आणि खामगाव ही चांदीसाठी ओळखली जाणारी गावं आपल्या राज्यात आहेत. इथल्या सराफ संघटनांनी सरकारी आदेशाची वाट न बघता ही पावती सुरू केली, तर प्रामाणिक दुकानदाराचाच धंदा वाढेल. तोवर आपण ती मागत राहू. मिळाली नाही, तर ऐवज उचलून पुढच्या दुकानात जाऊ.

शेवटचा मुद्दा भावाचा नाही, हक्काचा आहे. आजीचे तोडे हे तिचं स्त्रीधन. ती आहे तोवर निर्णय तिचा, बाबांचा नाही आणि आपलाही नाही. ती नसेल आणि मृत्युपत्र नसेल, तर हिंदू वारसा कायद्याप्रमाणे मुलाइतकाच मुलीचाही वाटा असतो. म्हणजे आत्याला न विचारता मोड देणं हा नुसता रुसव्याचा विषय नाही. फॅमिली ग्रुपवर फोटो, वजन आणि टंचाचा आकडा टाका, सगळ्यांचं ऐका, मग ठरवा. योग्य भाव म्हणजे दुकानदाराने आपल्याला दिलेला पूर्ण हिशेब, आणि आपणही घरच्यांना दिलेला पूर्ण हिशेब.