हेत्वाभास आणि शाळकरी मुले

सातवी-आठवीच्या मुलांना तर्कदोष शिकवावेत, हे मान्य. परंतु परक्या नावांची यादी घोकवून नव्हे. ‘कावळा बसायला आणि फांदी तुटायला’ ही म्हण ठाऊक असलेल्या मुलाला, केवळ पाठोपाठ घडलेल्या घटनांत कार्यकारणभाव कल्पिण्यातील चूक सहज उमगते. नैयायिकांचे ‘नवकंबल’ हे वाक्छलाचे उदाहरणही मराठीत पटण्याजोगे आहे: वक्त्याला अभिप्रेत असते नवे कांबळे, प्रतिपक्षी विचारतो, ‘नऊ कोठे आहेत?’ नववधू आणि नवग्रह हे दोन्ही शब्द मुलांच्या परिचयाचेच असतात.

धोका निराळाच आहे. दोषांची नावे हाती आली की मूल ती दुसऱ्यावरच फेकू लागते. न्यायसूत्रांत वाद, जल्प व वितंडा यांत भेद केला आहे: वादाचे लक्ष्य तत्त्वनिर्णय, जल्पाचे विजय, वितंडेत तर स्वपक्षाची स्थापनाच नसते. हा विवेक आधी रुजावा. म्हणून पहिला स्वाध्याय स्वतःच्याच निबंधातील हेत्वाभास शोधण्याचा असावा. आणि सदोष युक्तिवादाचा निष्कर्षही कधी खरा असू शकतो, हेही त्यात कळावे.

अशी उदाहरणे आपापल्या भाषांतून वेचून शिक्षकांच्या हाती देणे, हे भारतीय साहित्याच्या अभ्यासकांचे कर्तव्य नव्हे काय?