आधी गज, मग बंदूक

आमच्या सिंधुदुर्गात पोराला मिसरूड फुटलं की वाडीतलं कुणीतरी बापाला सुनावतंच, "झिलाक पंधरावा वर्स लागला, आता बंदूक दी हातात." डुकरं रातोरात भाताचा कुणगा लोळवून जातात, राखणीला माणूस लागतो, हे सगळं खरं. पण म्हणून पंधरा वर्षांच्या पोराच्या खांद्याला ठासणीची बंदूक अडकवायची?

पोराच्या अंगात ताकद आहे म्हणे! पण इथे ताकदीला विचारतो कोण? काडतुसात दारू कारखान्यातून मोजून येते. ठासणीत दारू, काथ्याचा बोळा, छरे, वर पुन्हा बोळा, सगळं आपणच भरायचं. आधीचं भरलेलं विसरून वर दुसरं ठासलं, किंवा काडतूस फोडून त्यातली बिनधुराची दारू घातली, तर नळी फुटायची नि डुकराऐवजी आपलाच हात जायचा. आणि 'चार बोटं दारू' म्हणणाऱ्यांनी एकदा सांगावं, बोटं कुणाची? बापाची की पोराची?

आजोबांकडे दारूचं पितळी माप होतं आणि गजावर एक खाच. रिकाम्या नळीत गज सोडला की खाच बरोबर तोंडाशी यायची. वर राहिली तर बंदूक भरलेली आहे असं समजायचं. केप सगळ्यात शेवटी. बार काढून आल्यावर नळी गरम पाण्याने धुवायची, सुकवायची, तेल लावायचं. नाहीतर दारूची काजळी लोखंड खाते. कित्येक वर्षं माझ्या वाट्याला फक्त हे धुणंच आलं. त्यात कमीपणा कसला?

१९५९ चा शस्त्र कायदा पीकसंरक्षणासाठी ठासणीच्या बंदुकीची सोय ठेवतो, पण २१ वर्षांखालच्याला ती बाळगू देत नाही. लोक याला सरकारी कटकट म्हणतात. मी म्हणतो, कायदा इथे आजोबांच्याच बाजूचा आहे. झाडी हलली म्हणजे डुक्करच, असं धरून ओढलेल्या चापाने माणसं मेलीत; कोकणाला ही बातमी नवी नाही. हात आवरणं पंधराव्या वर्षी जमत नाही.

तोवर पोराला राखणीला जरूर न्यावं. हातात बॅटरी द्यावी, वाजवायला डबा द्यावा. डुक्कर मारायला वनखात्याची परवानगी कशी मागतात तेही शिकवावं. बंदूक खुंटीवरून कुठे पळून जात नाही.