आधी विचारा, माती कुठंय?

मंडळी, ज्युनिअर केजीच्या पोराला रोज दोन पानं गृहपाठ आणि वर 'अक्षर घाणेरडं' म्हणून ओरडा! अहो, चार वर्षांच्या बोटांत पेन्सिल धरायचा जोर येणार कुठून? तो येतो माती मळून, गोळे वळून, पोळ्याच्या बैलाची शिंगं चिमटीनं ओढून.

त्याला महागडं साहित्य लागत नाही, हे ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ पासून बोर्डीत दाखवून दिलंय. २०२० चं शैक्षणिक धोरणही या वयाला खेळातून शिकवा म्हणतं. आणि आपण? 'युनिफॉर्म मळतो' म्हणून तक्रार करतो, शाळांना तेवढंच निमित्त!

युनिफॉर्म धुता येतो. हे वय परत येत नाही. यंदा प्रवेश घेताना एसी वर्ग नंतर बघा.