मोडीत घालण्याआधी...

दिवाळीच्या सुट्टीत घरी गेले, तर आईने माळा आवरायला काढलेला. जुनी पितळी भांडी मोडीत द्यायची आणि स्टीलच्या डब्यांचा नवा सेट आणायचा, असा बेत. मीही म्हटलं, "देऊन टाक ना, कोण वापरतंय!"

तेवढ्यात एका पातेल्याच्या काठावर ठिपक्या-ठिपक्यांनी कोरलेलं नाव दिसलं. "ही कोण गं?" आजी म्हणाली, "मीच की!" लग्नात तिचं आडनावच नाही, पाळण्यातलं नावसुद्धा बदललं होतं. पातेलं मात्र मावशीने केळवणाला दिलेलं, म्हणून त्यावर माहेरचं नाव राहिलं. मी वीस वर्षांची झाले, आणि माझ्या आजीचं पहिलं नाव मला एका भांड्याने सांगितलं!

मग आजीची गाडी सुटली. मी पडले कॉन्व्हेंटवाली. "कल्हई नसली की आमटी कळकते" हे वाक्य मला दोनदा समजावून घ्यावं लागलं. समजलं तेव्हा मात्र चक्क मटेरियल सायन्सचा पेपर आठवला. पितळ म्हणजे तांबं आणि जस्त. आंबट पदार्थात ते उतरतं, म्हणून आतून कथलाचा थर द्यायचा. भांडं तापवायचं, नवसागराने आतला भाग साफ करायचा आणि २३२ अंशांना वितळणारं कथील कापसाने भराभर फिरवायचं. चिंचेने भांडं बाहेरून लखलखतं आणि त्याच चिंचेने आतली आमटी बिघडते. रसायन एकच! आजी हे सगळं कुठलाही पेपर न देता जाणते. स्टेनलेस स्टील घरोघरी आलं आणि कल्हईवाल्याची हाक कमी कमी होत गेली.

परत आल्यावर मुद्दाम बाजीराव रोडवरचं राजा दिनकर केळकर संग्रहालय पाहिलं. 'अज्ञातवासी' नावाने कविता लिहिणाऱ्या दिनकर गंगाधर केळकरांनी (१८९६-१९९०) १९२० च्या सुमारापासून दिवे, अडकित्ते, भांडी असं घरगुती सामान गोळा केलं. लहानपणीच गेलेल्या मुलाचं, राजाचं नाव संग्रहाला दिलं आणि पुढे तो राज्य शासनाच्या स्वाधीन केला. वस्तू वीस हजारांच्या वर! एका अडकित्त्यासमोर मी बराच वेळ उभी होते. कारागिरी दिसत होती, पण तो कुणाच्या हातात असायचा, हे काही कळेना.

माझं म्हणणं एवढंच आहे. वस्तू संग्रहालय जपेल, पण तिची गोष्ट घरातल्यांनीच वेळेवर विचारायला हवी. आपलं कर्वेनगर तरी काय, आधीचं हिंगणे बुद्रुकच. १९०० साली अण्णासाहेब कर्व्यांनी विधवांचा आश्रम इथल्या झोपडीत आणला, हे आपल्याला ठाऊक आहे, कारण कुणीतरी ते लिहून ठेवलं. आजीच्या नावाचं कोण लिहिणार?

सगळं साठवून ठेवा असं मी म्हणत नाही. फ्लॅटमध्ये जागा कुठे आहे? खुशाल मोडीत द्या. पण त्याआधी कुणाचं, कुणी दिलं, कशाला वापरायचे, एवढं विचारून वहीत उतरवा. आणि गॅदरिंगला प्रोजेक्ट्सच्या शेजारी एक टेबल या वस्तूंसाठी ठेवलं तर?

ते पातेलं सध्या माझ्या हॉस्टेलच्या खोलीत आहे. कल्हई उडालीय, म्हणून त्यात मॅगी नाही. फक्त पेनं आणि कॅल्क्युलेटर. येणारी प्रत्येक जण काठावरचं नाव वाचते आणि विचारते, "ही कोण गं?"

मी सांगते.