टेलिफोनची ‘सेटिंग’ मालकाने ठरवावी, मशीनवाल्याने नव्हे

आपल्या बाजारपेठांत, मग ती मालेगावची असो, भिवंडीची असो की मुंबईची, बऱ्यापैकी पेढी म्हटली की तेथे आता एकटा टेलिफोन राहिलेला नाही. दोन-तीन लाइनी, त्यांना जोडलेले एक लहानसे एक्स्चेंज आणि गादीवर, हिशेबाच्या टेबलावर, गोडाऊनमध्ये व माडीवर मिळून आठ-दहा एक्सटेन्शन, असा थाट ठिकठिकाणी दिसतो. काही मोठ्या मंडळींनी तर इंटरनेटवर चालणारे फोन घेतले आहेत. पैसा खर्च होतो, मशीन भिंतीवर लागते, मशीनवाला चहा पिऊन ‘सेठ, सगळे चालू आहे’ असे सांगून जातो, आणि त्यानंतर वर्षानुवर्षे त्या मशीनला कोणी हात लावीत नाही. कारखान्यातून जसे आले तसे ते वाजत राहते. या विषयावर आपल्या व्यापारी बंधूंशी चार शब्द बोलावेत असे आम्हास बरेच दिवसांपासून वाटत होते.

एक काळ असा होता की टेलिफोन मिळण्यासाठीच वर्षे लागत. ट्रंक कॉल लावून ताटकळत बसावे लागे, घाई असेल तर ‘अर्जंट’ आणि त्याहून घाई असेल तर ‘लाइटनिंग’चे दर मोजावे लागत. १९८४ साली सरकारने सी-डॉट ही संस्था काढली, तिने देशी एक्स्चेंज बनवून त्याचे तंत्र इथल्या कारखान्यांना दिले, आणि पुढे अशी लहान मशीन सर्वसाधारण व्यापाऱ्याच्या आवाक्यात आली. त्याआधी मोठ्या ऑफिसात ऑपरेटर बसे. कोणाचा फोन सेठकडे द्यायचा, कोणाला ‘साहेब जेवायला गेलेत’ सांगायचे, हे तो माणूस ओळखून ठरवी. आज तेच काम मशीनमध्ये भरलेले आकडे करतात. ते आकडे कोणी भरायचे, हा आमच्या मते तांत्रिक प्रश्न नाही. तो मुआमलातीचा, म्हणजे देण्याघेण्यातल्या वागणुकीचा प्रश्न आहे.

प्रथम हे पाहावे की बाहेरून आलेला फोन वाजतो कोठे. पुष्कळ ठिकाणी तो एकाच एक्सटेन्शनवर वाजतो. तेथला मुलगा नमाजला किंवा माल मोजायला गेला की घंटी वाजून वाजून थांबते आणि गिऱ्हाईक दुसरी पेढी गाठते. पंधरा-वीस सेकंदांत फोन उचलला नाही तर पुढच्या टेबलावर, तेथेही नाही तर गादीवर, अशी साखळी बहुतेक मशीनमध्ये लावता येते. शेजारच्या टेबलावर वाजणारा फोन आपल्याच फोनवरून दोन बटणे दाबून घेण्याचीही सोय असते. आकडे प्रत्येक कंपनीचे वेगळे, म्हणून ते येथे देत नाही, पुस्तिकेत मिळतात. आमचे शिक्षण उर्दू माध्यमात झाले, तेव्हा ती इंग्रजी पुस्तिका आम्ही घरातल्या कॉलेजात जाणाऱ्या मुलांकडून वाचून घेतली. दोन संध्याकाळी लागल्या. यात कमीपणा काहीच नाही.

पण आम्हाला खरे बोलायचे आहे ते पुढचेच. फोन करणाऱ्याचा नंबर ओळखून त्याचा फोन ठराविक टेबलावर पाठविण्याची सोय आजच्या पुष्कळ मशीनमध्ये आहे. चांगली सोय आहे. मात्र काही पेढ्यांत तिचा उपयोग कसा होतो ते आम्ही पाहिले आहे. दलालाचा, मोठ्या गिऱ्हाइकाचा फोन थेट सेठच्या टेबलावर. आणि मजुरीवर ताके विणून देणारा कारागीर, सायझिंगवाला, टेम्पोवाला, ज्यांचे देणे बाकी आहे अशांचे फोन माडीवरच्या एका अशा एक्सटेन्शनवर की जेथे कोणी बसतच नाही. बिचारा कारागीर समजतो, सेठ बाहेरगावी असतील. मजुरीबद्दल हदीसमध्ये काय फर्मावले आहे ते आपल्या वाचकांना सांगण्याची गरज नाही. तोंडाने ‘उद्या या’ म्हणणाऱ्यालाही थोडी लाज वाटते. मशीनकडून म्हणविले की तीही वाटत नाही. आमचे म्हणणे असे की हीच सोय उलट वापरावी. ज्यांचे आपल्याकडे देणे आहे त्यांचे नंबर नावासह मशीनमध्ये भरावेत आणि निदान हप्त्याच्या दिवशी त्यांचा फोन मालकाच्या टेबलावरच वाजेल असे करावे. पैसे नसतील तर नाहीत म्हणून मालकाने स्वतः सांगावे. धागा उधार मिळतो, कारागीर मात्र एकदा तुटला की दुसऱ्याच्या मागावर जातो.

दुसरी सोय चोरून ऐकण्याची. नोकर फोनवर बोलत असताना मालकाला मध्येच लाइनवर जाता येते. मशीनवाले तिला ‘बार्ज-इन’ म्हणतात. अनेक मशीनमध्ये मालक लाइनवर येताच बोलणाऱ्यांना एक बारीक ‘टूं’ ऐकू येते, आणि ती बंदही करता येते. मशीनवाला ही गोष्ट मोठ्या खुबीने सांगतो, ‘सेठ, कोणाला कळणार नाही.’ दुसऱ्याच्या पाठीमागे टेहळणी करणे, ज्याला तजस्सुस म्हणतात, ते कुरआनात साफ मना केले आहे, आणि पेढीचा दरवाजा ओलांडला म्हणून ती मनाई संपत नाही. नोकरावर संशय असेल तर हिशेब तपासावा. ती ‘टूं’ चालू ठेवावी, आणि बोलणे रेकॉर्ड होत असेल तर समोरच्याला आधी तसे सांगण्याची व्यवस्था करावी. भाव, उधारी, घरची अडचण, माणूस फोनवर काय काय बोलून जातो. ती अमानत आहे.

आता वेळापत्रकाकडे. पुष्कळ मशीनमध्ये दिवसाची, रात्रीची आणि सुट्टीची व्यवस्था वेगवेगळी ठेवता येते. मशीनवाला सवयीने सुट्टी रविवारची टाकतो. मालेगावात यंत्रमाग शुक्रवारी बंद असतात, मग शुक्रवारी फोन रिकाम्या ऑफिसात वाजत राहतो आणि रविवारी, काम चालू असताना, ‘ऑफिस बंद आहे’ अशी टेप ऐकू येते! जेथे शुक्रवारी दुकान उघडे असते तेथे जुम्म्याच्या नमाजची वेळ ठरलेली असते. तेवढ्या वेळेसाठी ‘नमाजची वेळ आहे, कृपया अमुक वाजता फोन करावा’ हा निरोप घड्याळावर लावून ठेवता येतो. गिऱ्हाईक, मग ते कोणत्याही समाजाचे असो, याने नाराज होत नाही, असा आमचा अनुभव आहे. नुसती वाजती घंटी मात्र त्याला खटकते. रमजानमध्ये घड्याळावर भरवसा ठेवू नये. इफ्तारची वेळ रोज थोडी सरकते आणि रमजानही दर वर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे येतो, तेव्हा गेल्या वर्षीचे वेळापत्रक यंदा चुकणारच. त्या महिन्यात हाताने बटण दाबून व्यवस्था बदललेली बरी.

निरोप कोणत्या भाषेत असावा? मशीनमध्ये तयार भरलेला आवाज बहुधा इंग्रजी बाईचा असतो, ‘वन दाबा, टू दाबा’. आपल्याला फोन करणारा खानदेशातला दुकानदार आणि मोमीनपुऱ्यातला विणकर. घरच्याच चांगल्या आवाजाच्या माणसाकडून आधी मराठीत, मग उर्दूत, दहा सेकंदांचा निरोप भरून घ्यावा. फोन धरून ठेवताना वाजणाऱ्या आवाजाविषयीही एक विनंती आहे. काही बंधू बरकतीच्या भावनेने तेथे तिलावत लावतात. भावना चांगली, पण फोन जोडला जाताच आयत मध्येच तुटते, आणि नेमक्या याच कारणाने अनेक उलेमांनी मोबाईलच्या घंटीसाठी आयती वापरू नयेत असे सांगितले आहे. साधी ‘टिक-टिक’ पुरेशी आहे.

दुकान बंद झाल्यावर फोन मोबाईलवर वळविणाऱ्यांनी दोन गोष्टी ध्यानात घ्याव्यात. साध्या तारेच्या लाइनीवर असे केल्यास एक फोन दोन लाइनी अडवितो, आणि काही मशीनमध्ये दोन्हीकडून फोन ठेवला तरी लाइन सुटत नाही. म्हणून अशा जोडणीला मिनिटांची मर्यादा घालावी. शिवाय मोबाईलवर बहुधा आपल्याच ऑफिसचा नंबर दिसतो, फोन करणाऱ्याचा नाही. ज्या कारागिराकडे फक्त मोबाईल आहे त्यालाही ‘बिझी असल्यास भावाकडे’ अशी सोय आपल्या कंपनीकडून मिळते. पण अनोळखी माणसाच्या सांगण्यावरून कसलाही तारांकित आकडा दाबू नये. अशाच फसवणुकीमुळे दूरसंचार विभागाने २०२४ च्या एप्रिलपासून असे आकडे दाबून फोन वळविण्याची सोय बंद करण्यास कंपन्यांना सांगितले.

चोरी मशीनमध्येही होते. कारखान्याचा पासवर्ड ‘१२३४’ किंवा ‘००००’ तसाच राहिला आणि बाहेरून फोन करून आतली लाइन घेण्याची सोय उघडी असली, तर भामटे रात्रीत परदेशी फोन करून मोकळे होतात आणि बिल मालकाच्या नावे येते. ती सोय लागत नसेल तर बंद करावी. परदेशी कॉल एक-दोन एक्सटेन्शन सोडून सर्वत्र बंद ठेवावेत, आणि पासवर्ड मालकाने स्वतः बदलावा. १५ जानेवारी २०२१ पासून लँडलाइनवरून मोबाईल लावताना आधी शून्य लावावे लागते, तेव्हा त्यापूर्वी मशीनमध्ये भरलेले नंबर एकदा तपासून घ्यावेत. हे सर्व झाले की कोणते एक्सटेन्शन कोणाचे, कोणाला काय खुले, फोन कोठून कोठे जातो, ते एका वहीत लिहून ती वही तिजोरीत ठेवावी. मशीनवाला गाव सोडून गेला किंवा पावसात मशीन जळाले, तर नव्या माणसाला त्या वहीवरून त्याच दिवशी सगळे परत लावता येते.